लेकराला दात येतायत

पार्लरला सुट्टी असली की पार्लरवाली शटर अर्धं खाली ओढायची आणि आत तिघांचा अड्डा बसायचा. ती, नळवाला आणि बाई. बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. तिघंही एके काळी ‘अंगण’ नावाच्या आश्रमात राहत होते आणि तिघंही तिथून बाहेर पडले होते. बाहेर पडलेल्या माणसाला आतल्या गोष्टींवर हसायला दुसरा बाहेर पडलेलाच लागतो. इतरांना ते विनोद समजावून सांगावे लागतात, सांगता सांगता आपल्याच डोळ्यांत पाणी येतं आणि ऐकणाऱ्याची पंचाईत होते.

अंगणात मोठं माणूस एकच. त्यांना म्हणायचेच ‘मोठे’. बाकी सगळी लेकरं. दाढी पिकलेला आजोबा असला तरी त्यानं स्वतःला ‘मी’ म्हणायचं नाही, ‘लेकरू’ म्हणायचं, आणि क्रियापदंही तशीच लावायची. लेकरू जेवलं. लेकरू दमलं. लेकराचं लग्न ठरलंय, हे लेकराला आत्ताच कळलं. चुकून कोणी ‘मी’ म्हणालंच, तर आजूबाजूच्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवून एका सुरात विचारायचं, ‘कोण मी?’ आणि त्यानं मान खाली घालून उत्तर द्यायचं, ‘कोणी नाही. लेकरू.’

मोठे मूळचे गाद्यांच्या दुकानातले. माणसांना झोपवायची कला तिथूनच आली, असं नळवाल्याचं ठाम मत होतं. दुपारी मोठे घोरायचे, त्या घोरण्याचा अर्थ लावायला एक समिती होती आणि नळवाला त्या समितीवर होता. “लांब घोरले की परवानगी, तुटक घोरले की नकार,” तो सांगायचा. “एकदा मधेच शिंकले. अर्थ लागेपर्यंत अख्खं अंगण उपाशी बसलं.”

पार्लरवालीचं काम त्याहून नाजूक. मोठ्यांचे केस तपाच्या तेजामुळे काळेभोर राहिलेत अशी सगळ्यांची श्रद्धा होती, आणि ते तेज ती वाटीत कालवून ब्रशनं लावायची. एकदा तेज जरा जास्त वेळ राहिलं आणि मोठ्यांचे दोन्ही कान काळे झाले. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं की मोठ्यांनी जगाची सगळी निंदा आपल्या कानांत ओढून घेतली आहे. सगळ्यांनी हात जोडले. पार्लरवालीला हसू फुटलं. तोंड दाबलं, खोकल्याचं सोंग केलं, पण ते काही थांबेना. त्यानंतर तिचं तिथे राहणं तिलाही शक्य नव्हतं आणि त्यांनाही.

निघायच्या आधी ती आईला न्यायला गेली होती. आई तांदूळ निवडत बसली होती. “आई, चल,” ती म्हणाली. आईनं मान वर न करता सांगितलं, “इथे आई कोणी नसते. सगळी लेकरंच.” अड्ड्यावर अंगणातल्या एकूण एक गोष्टीची टर उडवून झाली होती. हे वाक्य तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

अड्ड्याचा नियम एकच. बोलता बोलता जो ‘लेकरू’ म्हणेल त्यानं चहा करायचा. एरवी सगळे सांभाळून असायचे, पण ठेच लागली, भाजलं, दचकायला झालं की जुनी भाषा आपसूक तोंडात यायची. बाईंच्या टेबलावर भर वर्गात पाल पडली तेव्हा त्या “लेकरू मेलं” म्हणून किंचाळल्या होत्या. मुलं बराच वेळ टेबलाखाली ते लेकरू शोधत होती.

आज मात्र पार्लरवालीचं कशातच लक्ष नव्हतं. सकाळी आईचा फोन आला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “लेकरू कवळीचं माप द्यायला येणार आहे. दवाखाना तुझ्याच रस्त्यावर आहे. गाडी न्यायला येईपर्यंत तुझ्याकडे टेकेल.” एवढं बोलून फोन बंद. पुढच्या खेपेला आईसोबत कोणीतरी पहारेकरी असणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आईला परत जाऊ द्यायचं नसेल तर जे काय करायचं ते आजच करायला हवं होतं. म्हणून तिनं दोघांना मदतीला बोलावलं होतं, आणि दोघंही परीक्षेला बसल्यासारखे तयारी करून आले होते.

आई शटरखालून वाकून आत आली. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, तोंडात एकही दात नाही, गाल आत गेलेले. पार्लरवालीला वाटलं होतं आपण पटकन जाऊन मिठी मारू. ती टॉवेलाची घडी करत तिथेच उभी राहिली.

“मोठ्यांना फार आनंद झालाय,” आई खुर्चीत बसत म्हणाली. “सगळ्यांना बोलावून सांगितलं, लेकराला दात येतायत.”

आई हे अगदी गंभीरपणे सांगत होती. नळवाल्यानं रुमाल तोंडात कोंबला आणि तो उगाच बेसिनचा नळ तपासायला गेला.

बाईंनी सुरुवात केली. “काकू, एक साधा प्रश्न विचारते. तिथे स्वयंपाक कोण करतं?”

“लेकरं.”

“भांडी?”

“लेकरं.”

“मग मोठे काय करतात?”

“मोठे मोठे असतात,” आई म्हणाली. बाईंनी गणित तिथेच सोडून दिलं.

नळवाला पुढे सरसावला. “काकू, मी घोरण्याच्या समितीवर होतो. खरं सांगू? आम्ही मनाला येईल तो अर्थ सांगायचो.”

“आणि मनाला येईल ते सुचवतं कोण?” आईनं विचारलं.

नळवाला परत नळाकडे वळला. बोळक्या तोंडाच्या म्हातारीनं दोघांना गारद केलं होतं. पार्लरवालीला हसू आलं. पण बोलून काही होणार नव्हतं. दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं आपल्याला येतं ते करायला घेतलं.

“केस धुऊन देते,” ती म्हणाली आणि रुमालाची गाठ सोडली.

कमरेपर्यंत पांढरे केस, खाली नुसता गुंता. तिनं कोमट पाणी घेतलं, हळूहळू एकेक बट सोडवली. आईनं डोळे मिटले होते.

“हल्ली तिथे केस कोण कापतं?”

“नवीन लेकरू आलंय. चांगलं कापतं.”

“मग तुझे असे का?”

“लेकरानं कोणाला हात लावू दिला नाही,” आई डोळे न उघडता म्हणाली.

पार्लरवालीला भडभडून आलं, आणि तितकाच रागही आला. इतकी वर्षं केस राखून ठेवलेस, मग त्या दिवशी मान वर करायला काय झालं होतं? हे ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं आणि कात्री उचलली. एका बाजूनं केस खांद्यापर्यंत कापत आणले, मुद्दाम सावकाश, जणू केस संपेपर्यंत गाडी येणारच नव्हती.

गाडी आली. बाहेर भोंगा वाजला, तिचा हात हलला आणि कात्री तिच्याच बोटांच्या मधल्या कातडीत गेली.

“लेकराला लागलं,” पार्लरवाली कळवळली.

“चहा,” नळवाला सवयीनं म्हणाला, आणि मग त्याला रक्त दिसलं.

आई खुर्चीतून उठली होती. अंगावरची चादर, ओले केस, सगळं तसंच. तिनं लेकीचा हात मनगटाशी धरून उजेडात ओढला. “बघू. बघू दे मला. किती खोल गेलंय? हात वर धर. वर गं. मी बांधते.”

तिघंही आईकडे बघत राहिले. आपण काय बोलून गेलो हे आईला कळलेलं दिसत नव्हतं. ती दात नसलेल्या तोंडानं टॉवेलाची कड फाडायचा प्रयत्न करत होती. ते जमेना, तेव्हा तिनं बाईंच्या हातातून रुमाल ओढून घेतला.

गाडीवाला वाकून आत आला. तरुण, मान जरा झुकलेली, आवाज मऊ. “लेकरू निघतंय ना?”

“लेकराला लागलंय, दिसत नाही?” आई रुमाल आवळत म्हणाली. “मी आत्ता येत नाही.”

गाडीवाला जागीच थिजला. मग त्याच्या तोंडून ते निघालंच, संथ, शिकवल्याप्रमाणे. “कोण मी?”

नळवाल्याची मान खाली गेली. बाईंचीही. इतकी वर्षं टिंगल करून मानेचं वळण काही गेलं नव्हतं. आईची मान मात्र तशी खाली गेली नाही, कारण ती गाठ मारण्यात गुंतली होती.

“हिची आई,” ती म्हणाली.

पार्लरवालीला हुंदका आवरला नाही. दुखतंय असं समजून आईनं गाठ जरा सैल केली.

गाडीवाला पुरता गडबडला. “पण मग मोठ्यांना मी काय सांगू?”

“कोण मी?” नळवाल्यानं लगेच विचारलं. अशी संधी तो सोडणाऱ्यातला नव्हता.

“कोणी नाही. लेकरू,” गाडीवाला पुटपुटला.

“चहा,” नळवाला म्हणाला.

“छळू नका रे त्याला,” आईनं दटावलं. मग गाडीवाल्याकडे बघितलं, जरा विचार केला. “सांग त्यांना, दात येतायत. वेळ लागतो.”

कायमची राहते असं ती म्हणाली नाही. कवळी बसल्यावर बघू, असं काहीतरी बोलली. पार्लरवालीनं खोदून विचारलं नाही.

“आणि चहाचं काय म्हणताय मघापासून? कोणी करायचा होता?”

“मी,” पार्लरवाली म्हणाली. आणि घाबरून आईकडे बघितलं.

“या हातानं? बस तिथे,” आई म्हणाली. “ए गाडीवाल्या, तूही बस. घोटभर पिऊन जा.” एका बाजूला खांद्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला कमरेपर्यंत केस, अशा अवतारात ती मागच्या शेगडीपाशी गेली आणि साखर कुठे ठेवली आहेस म्हणून लेकीवर खेकसली.