शेवटच्या गाडीचा मान

निजामाची फौज पुण्यावर चालून आली, तशी शनिवार पेठ गाड्या जुंपून सिंहगडाकडे सुटली. धायरीपाशी वाट इतकी अरुंद, की एका वेळी एकच गाडी जाईल. तिथंच दोन म्हातारे हटून बसले: पहिली गाडी कुणाच्या घराण्याची? आणि मागं घोड्यांची धूळ दिसू लागली होती.

वाट दाखवायला आलेला धायरीचा मच्छिंद्र अवघा अठरा वर्षांचा. पानिपतावर हात गमावलेला त्याचा बाप सांगायचा, "आपली माणसं शत्रूच्या आधी मानापायी मरत्यात."

मच्छिंद्रचं डोकं फिरलं. चाकावर चढून तो गरजला, "मान पायजे नव्हं? घोडेस्वार आधी शेवटची गाडी गाठत्यात. ज्याचं घराणं मोठं, त्यानं शेवटी यावं!"

मग गाड्या भराभर हलल्या. कुणी घराण्याचं नाव काढलं नाही.

त्या दोन म्हाताऱ्यांतल्या जास्त भांडलेल्या श्रीधरपंतांनी मात्र सुना-नातवंडांना पुढच्या गाडीत बसवलं आणि आपली गाडी बाजूला घेतली. सगळ्या गाड्या गेल्यावर ते निघाले. मच्छिंद्र भाला घेऊन त्यांच्या मागं चालू लागला.

पंत कडाडले, "मागं कुठं येतोस? शेवटचा मान आमचा आहे!"