उलंगवाडी

रागिणीनं गावाचा पहिला मोठा ठराव लिहिला, तेव्हा हाताला सवय होती पण डोक्याला नव्हती. हाताची सवय मोबाईलवरच्या खेळातली. अमरावतीला कॉलेजात असताना ती आणि ठिकठिकाणची पोरं मिळून एक नसलेला देश चालवत. निवडणुका, मंत्रिमंडळ, कायदे, सगळा थाट. रागिणी तिथली कायदामंत्री. पुढं शिकून ती पातूरजवळच्या आपल्या गावी परतली, तर सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि गावानं शिकलेली पोरगी म्हणून तिलाच निवडून दिलं. तिचा बाप भगवंत महिनाभर छाती फुगवून फिरला.

ठरावाला कारण खरं होतं. हिवाळ्यात मोकाट जनावरं उभ्या पिकात शिरत. देवरावची तर शेंगांवर आलेली तूर पार साफ झाली होती. रागिणीनं ग्रामसभेत मांडलं की दुसऱ्याच्या वावरात चरणारं जनावर कोंडवाड्यात जाईल. आणि लिहिताना तिनं सहज ‘बाराही महिने’ असं घातलं. खेळात मुदत न लिहिलेला कायदा अधिवेशन संपलं की आपोआप बाद होतो, तिचे चांगले कायदे तसे वाया गेले होते. ठराव वाचून झाला, हात वर झाले. जमुनाकाकूचाही झाला. काकूला जमीन नाही, शेळ्यांवरच तिचं घर चालतं.

उलंगवाडीचं नाव कुणी काढलं नाही. कपाशीचा शेवटचा वेचा घरी आला की उलंगवाडी होते, आणि मग पेरणीच्या तयारीपर्यंत वावर साऱ्या गावाचं. कुणाच्याही शेळ्या कुठंही चराव्यात, बायापोरींनी मागं राहिलेल्या बोंडांचा सरवा वेचावा, मालकानं बांधावरून रामराम घालावा. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, कारण लिहायची कुणाला गरजच पडली नव्हती. रागिणी स्वतः लहानपणी जमुनाकाकूचं बोट धरून देवरावच्याच वावरात सरवा वेचायला जायची. आणि तिलाच ही रीत आठवली नाही, याला काय म्हणावं?

होळी झाली. जमुनाकाकूनं नेहमीप्रमाणं शेळ्या देवरावच्या रिकाम्या वावरात घातल्या आणि देवरावनं या वेळी बांधावरून रामराम न घालता त्या कोंडवाड्यात नेऊन घातल्या. त्याच्या मनात हिवाळ्यातली तूर होती आणि खिशात ठरावाची नक्कल. रागिणी धावत गेली तर त्यानं शांतपणे ‘बाराही महिने’वर बोट ठेवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं झालं. शेळ्या तिनं सोडवल्या, पण काकूच्या तोंडाकडं तिला बघवेना.

तिनं तातडीनं ग्रामसभा बोलावली. चूक माझी आहे, ठराव मागं घेते, हिवाळ्यापुरता नवा करू, असं तिनं सरळ सांगितलं. सगळ्यांचे हात वर झाले, देवरावचाही. रागिणीला हायसं वाटलं. खेळातही चुकलेला कायदा रद्द केला की त्या देशाचे घसरलेले आकडे पुन्हा जागेवर येत.

दुसऱ्या दिवशी ती काकूकडं गेली तर शेळ्या दारातच बांधलेल्या, पुढ्यात बाभळीचा पाला. काकूनं फक्त शिवाराकडं हात केला. देवरावच्या वावराभोवती तार ओढणं चाललं होतं. पलीकडच्या वावरातही खांब आणून टाकले होते.

रागिणी तशीच बांधावर गेली. ठराव तर मागं घेतला, मग हे काय, असं तिनं विचारलं. देवराव चिडला नाही, हेच तिला जास्त लागलं.

“ठराव नाई, म्हणून मी कोणाचं जनावर कोंडवाड्यात नेत नाई,” तो म्हणाला. “पण माह्या वावरात शेळ्या चारा, असं कोण्या कागदावर लिवलं आहे, सरपंचबाई?”

गेल्या साली हा प्रश्न कुणी विचारला असता तर गाव हसलं असतं. तो विचारायला तिनंच शिकवलं होतं. रीत मोडायला तिचा एक शब्द पुरला, पण तो शब्द खोडून रीत परत येत नव्हती.

रागिणी परतली तेव्हा काकू दारातच उभी होती. बाजारात शेळ्या विकायचं ती ठरवत होती, पण त्याआधी तिला एक गोष्ट करून पाहायची होती. तिनं रागिणीला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

“मले समजलं आता,” काकू म्हणाली. “लिवल्याबिगर कोणी आयकत नाई. तं तू लिवून दे ना व माय. उलंगवाडी झाली का जमुनाले वावरात येऊ द्या म्हणून. तुले तं येते लिवता.”

ज्याच्या त्याच्या वावरात दुसऱ्याला शिरायचा हक्क देणारा ठराव कोणतीच ग्रामसभा करू शकत नाही, हे रागिणीला ठाऊक होतं. काकू तिच्याकडं अशा विश्वासानं बघत होती, की तिच्यानं नाही म्हणवेना. तिनं पर्समधून पेन काढलं. कागदावर ‘उलंगवाडी’ एवढाच शब्द लिहिला आणि पेन तिथंच टेकवून ठेवलं.