ग्रहणातली भेंडी

बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या त्या घरात सकाळचा उजेड कधीच थेट येत नसे. तो आधी समोरच्या इमारतीच्या काचांवर पडे, तिथून परतून ग्रिलमधून आत शिरे, वाळत घातलेल्या दुपट्यांवर थोडा रेंगाळे आणि भिंतीवर गजांच्या तिरक्या सावल्या टाकत सावकाश खाली उतरे. २००९ च्या डिसेंबरातल्या त्या सकाळी तो पाळण्याच्या कडेला पोहोचला, तेव्हा निहार बायकोची, स्वप्नालीची, बॅग हातात धरून दाराशी उभा होता. महिन्याभराचं बाळ पालथं झोपलं होतं. जन्मतः उघडी असलेली त्याची पाठ डॉक्टरांनी शिवली होती; पाय मात्र हलत नव्हते.

स्वयंपाकघरात निहारची आई, मनोरमाबाई, शेजारच्या उर्मिलाकाकूंना सांगत होत्या, “जुलैत ग्रहण लागलेलं, हिला सहावा महिना, आणि ही विळीवर भेंडी चिरत बसलेली. का, तर निहारचा डबा.”

“हळू बोला हो. ऐकतेय ती.”

“ऐकू दे. तेव्हा ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती.”

स्वप्नालीने बाळाला उचललं. “आईंना एकदा खरं सांग, मी थांबते,” ती निहारला म्हणाली. “नाहीतर रिक्षा खाली उभीच आहे. क्लासमध्ये फळ्यावर काढून दाखवतोस ना?”

दाखवत होता. बारावीच्या मुलांसाठी दरवर्षी तो गुलाबी खडूने गर्भातली ती पातळ पट्टी काढी. तिच्या कडा उचलल्या जातात, करंजीसारख्या एकमेकींना मिळतात आणि नळी होते. तिच्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात ती मिटते. मिटली नाही, तर तिथे पाठ उघडी राहते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं.

फळ्यापुढे तो हे न अडखळता सांगे; घरात मात्र त्याने हा विषय काढला नव्हता. डॉक्टरांनी कारण सांगता येत नाही म्हटलं होतं, आणि कारणाशिवायच्या दुःखात राहणं त्याला जमत नव्हतं. आईकडे निदान एक कारण होतं. महिनाभर तो त्याच्याच आडोशाला बसला होता.

स्वप्नालीने चपला पायात सरकवल्या. त्याने बॅग खाली ठेवली आणि तो स्वयंपाकघराच्या दारात गेला.

“आई, तिने भेंडी चिरली त्याच्या चार महिने आधीच बाळाची पाठ उघडी राहिली होती,” तो म्हणाला. “मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”