मुशीच्या तेलाची डबी

“ह्या घरात देव पुजत्यात का मासळी शिजती, कळंना झालंय!” कुशाबाई नाकाला पदर लावून पुटपुटल्या.

मित्रांनो, ते बोलणं माझ्यावर होतं. मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. माझं झाकण चेपलेलं आहे. ते कसं चेपलं, तेच सांगते.

माझ्या पोटात मुशी माशाच्या यकृताचं तेल मेणात घोटून भरलं होतं. तेव्हा पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उठत होता. तिथं विटा वाहणाऱ्या बन्सीला दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला दिलं. “आधी मनगटावर थोडं लावून बघा. खाज सुटली तर धुऊन टाका. खोल जखमेत भरू नका, पोटात घेऊ नका. वास मात्र सोसावा लागेल,” तो म्हणाला.

बन्सीने मला चाकणला आणलं ते बायकोसाठी. कांदा निवडून निवडून शकूच्या हातांना भेगा पडल्या होत्या. त्यांत कांद्याचा रस गेला, की ती ओठ दाताखाली धरायची. पंधरा दिवसांत भेगा मिटल्या. पण माझं कौतुक करणार कोण? घर माळकरी. सासूबाईंनी, म्हणजे त्याच कुशाबाईंनी, शकूला चुलीजवळ येणं बंद केलं. तिचं ताट पडवीत, पाणीसुद्धा वरून.

आणि दुपारी घर रिकामं झालं, की त्याच सासूबाई मला वळचणीतून काढायच्या. झाकण उघडून मलमावर तुळशीचं पान ठेवायच्या. झाले मी शुद्ध! मग आपल्या टाचांच्या भेगांना मलम चोळायच्या. महिन्याभरात त्यांची काठी सुटली. सगळ्यांनी पाहिलं, विचारलं कुणीच नाही.

एकदा ते पान मलमातच चिकटून राहिलं. त्याच सांजेला सगळे जेवायला बसले असताना माझा वास येताच कुशाबाई कडाडल्या, “बन्सी, उद्या हिला माहेरी सोडून ये. बाटलेल्या हातांची सून मला नगं!” आणि मला अंगणात भिरकावलं. झाकण चेपलं ते तेव्हा.

मित्रांनो, वास आला तर खुशाल नाक धरा. पण ज्याने तुमची भेग भरली, त्याला उकिरडा दाखवू नका.

शकूने मला उचललं, झाकण उघडलं. ते पान बोटावर घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बन्सी ताटात बघत बसला. बायकोपुढे कधी ब्र न काढणाऱ्या कोंडाजींनी, शकूच्या सासऱ्यांनी, हातातला घास खाली ठेवला.

“कुशे, लई झालं. ते पान तुझं हाय. तुझ्या टाचा मासळीनंच भरल्यात.”