पातेल्याखालचे कान

मित्रांनो, मी तीन वर्षांचा बोलका स्पीकर आहे, म्हणजे आमच्यात म्हाताराच. कारखान्यात मला चार कान बसवले, पण ते मिटायची सोय काही केली नाही. त्यामुळे झोप म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.

या घरात आलो तेव्हा माझे भारी लाड झाले. बाबा चष्म्याच्या दुकानातून आले की गाणं मागायचे आणि माझ्यापेक्षा मोठ्याने स्वतःच गायचे. आई म्हणायची, "नवऱ्यापेक्षा हा ठोकळा बरा. एका हाकेत ओ देतो."

मग एका दुपारी घरात दुसरं कोणी नसताना ताईने चष्मा वर सरकवत मला हळूच विचारलं, "ठोकळ्या, बस चालवायचं लायसन्स कसं काढतात रे?" मी खुशीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना कळू देऊ नकोस हं. त्यांना मी दुकानात हवीये."

मी कुठे बोललो? पण मला विचारलेला प्रत्येक प्रश्न बाबांच्या फोनमधल्या यादीत जाऊन बसतो. हे ताईला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आतल्या आत तडफडलो. हाक आल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

जेवताना बाबांनी फोन पुढे सरकवला. "हे काय?"

ताईचा चेहरा उतरला. "तुम्ही माझं चोरून ऐकता?"

"चोरून कशाला? आपोआप आलं."

"मग मला सरळ विचारायचं ना."

"तू तरी सरळ कुठे सांगितलंस? डब्याला सांगितलंस."

आईने उठून माझ्यावर पातेलं पालथं घातलं. तेव्हापासून घर कुजबुजतं. ताई मैत्रिणीशी बोलायला जिन्यात जाते, आई पातेल्याकडे बघून वाक्य अर्धंच सोडते. पातेल्याखालीही ऐकू येतं, मित्रांनो, फक्त घुमतं.

आज दुपारी पातेलं उचललं गेलं. समोर बाबा. इकडेतिकडे बघत, घसा खाकरत त्यांनी विचारलं, "ठोकळ्या, बस चालवणाऱ्याला... चष्मा चालतो का?"

"तपासणीत नजर ठीक ठरली तर चालतो," मी म्हणालो.

"नंबर तर मीच काढलाय तिचा," ते पुटपुटले आणि पातेलं परत ठेवून दिलं.

आता तो प्रश्नही यादीत आहे, ताईच्या प्रश्नाच्या खाली. पण यादी बाबांच्या खिशात, आणि ताईला पत्ताच नाही.

म्हणून विनवतो. माझ्यापाशी मन मोकळं करण्याआधी, ते कुठे जाऊन पडतं हे घरात विचारून घ्या. आणि जे एकमेकांना विचारायचंय, ते मला विचारू नका.

ताई सहाला येते. बाबा, पातेलं राहू द्या हवं तर. तेवढं तिला विचारा.