पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

"काका, हात आत घ्या. हो, तुम्हीच! हे प्रेस मशीन आहे. पत्रा कुठला आणि पाहुणा कुठला, त्याला कळत नाही."

घोळक्यात हशा पिकला. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. तेवढ्यात धाडकन आवाज झाला, आणि सपाट आत गेलेला पत्रा पेट्रोलच्या टाकीची एक गोलाकार बाजू होऊन बाहेर आला. कॉलेजच्या पोरी दचकून एकमेकींना बिलगल्या. बाईंनी त्यांना पुरतं दचकू दिलं आणि मग म्हणाल्या, "मीसुद्धा रोज दचकते. ज्या दिवशी दचकणार नाही, त्या दिवशी घरी बसेन."

हे वाक्य त्या प्रत्येक फेरीत म्हणत, आणि प्रत्येक वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणत.

मोटरसायकलच्या कारखान्यात पाहुण्यांना फिरवून आणणं हे बाईंचं काम. कामगार त्यांना भोंगाबाई म्हणत, तेही तोंडावर. पूर्वी त्या इथेच टेलिफोन ऑपरेटर होत्या. ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, स्विचबोर्ड भंगारात गेला आणि या बाईंचं आता करायचं काय, असा प्रश्न साहेबांना पडला. कुणीतरी सुचवलं, "आवाज खणखणीत आहे, पाहुण्यांना फिरवू देत." तात्पुरतं म्हणून दिलेलं ते काम बाईंना जे चिकटलं ते चिकटलंच.

सुरुवातीला त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्या एकेका खात्यात जाऊन बसू लागल्या. "दादा, हे काय करताय? कशासाठी करताय? आणि नाही केलं तर काय होईल?" तिसऱ्या प्रश्नाला माणसं खुलत. तुम्ही हे केलं नाहीत तर काय बिघडेल, असं त्यांना आजवर घरीदारी कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून त्यांच्या फेरीत यंत्रांपेक्षा माणसंच जास्त असत. जोडलेली टाकी पाण्यात बुडवून गळती शोधणाऱ्या माणसापाशी त्या थांबत. "हे दिवसभर बुडबुडा शोधतात आणि तो सापडला नाही की खूश होतात. काही न सापडल्याचा आनंद तुमच्यापैकी कुणाला झालाय कधी?" चाकात तारा बसवणाऱ्या बायकांपाशी त्या पाहुण्यांना डोळे मिटायला लावत. तार घट्ट बसली की तिचा आवाज बदलतो, तो ऐकवत. पाहुणे डोळे मिटून उभे राहत आणि त्या बायका पदराआड, ओढणीआड हसू लपवत.

जमिनीवर सगळीकडे एक पिवळी पट्टी आखलेली होती. पाहुण्यांनी ती ओलांडायची नाही, असा नियम. पट्टीच्या पलीकडे काम, अलीकडे बघे.

फेरीचा कळस रंगखात्यात असे. तिथे काळ्याभोर टाकीवर सोनेरी रेघ अजून हाताने ओढली जाई. टाकीच्या दोन बाजूंना दोन माणसं बसत. उजव्या बाजूला एक ज्येष्ठ कारागीर, ज्यांना सगळे रेघवाले म्हणत, आणि डाव्या बाजूला त्यांनीच शिकवून तयार केलेली एक बाई. ती डावखुरी, म्हणून तिचं नाव पडलं डावरी. लांब केसांचा मऊ ब्रश रंगात बुडवायचा, श्वास धरायचा, आणि पुढून मागे एका दमात यायचं. टाकीची फुगीर कूस जिथे वळते तिथे हातही वळायचा. मधे थांबलं की रेघेला गाठ पडते. आणि दोन्ही बाजू अशा जुळायच्या की आरशात बघावं.

रेघवाले ब्रश टेकवत, आणि घोळक्यातल्या प्रत्येकाचा श्वास आपोआप अडके. रेघ पुरी होई. मग सगळे एकदम श्वास सोडत आणि टाळ्या वाजत. टाळ्या संपल्या की बाई म्हणत, "हे आमचे यजमान बरं का! यांना घरात फोटो सरळ टांगता येत नाही." पुन्हा हशा. रेघवाले मान वर करत नसत. पाहुण्यांशी ते चकार शब्द बोलत नसत. फक्त कानाच्या पाळ्या लाल होत.

घरातही तसंच. बाई बोलत, ते ऐकत. "एकाच्या तोंडात जोर आणि दुसऱ्याच्या हातात," असं त्यांची मुलगी म्हणे. "मिळून एक माणूस पुरा होतो."

त्या दिवशीही बाई कॉलेजच्या पोरींना घेऊन रंगखात्यात पोचल्या. रेघवाल्यांनी ब्रश उचलला, टेकवला, ओढला. श्वास सुटले, टाळ्या झाल्या. पण बाईंनी पुढचं वाक्य म्हटलं नाही. ब्रश टेकण्याआधी हवेतल्या हवेत क्षणभर थरथरला होता. आणि पोरी वळल्यावर बाईंनी मागे पाहिलं, तेव्हा डावरीने पटकन हात लांबवून उजव्या बाजूच्या रेघेचा शेवट फडक्याने पुसला आणि स्वतः पुन्हा ओढला. रेघवाले समोर भिंतीकडे बघत होते.

दुपारी हात धुताना बाईंनी डावरीला गाठलं. "कधीपासून?"

डावरी नळ बंद करायचं विसरली. "बाई, तुम्ही कुणाला सांगू नका. थोडंसंच असतं. सकाळी बरं असतं, नंतर जरा जास्त. मी घेते सांभाळून. त्यांनी मला शिकवलं तेव्हा माझ्या कितीतरी टाक्या त्यांनी निस्तरल्यात."

"त्यांना माहीत आहे, तू पुसतेस ते?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही."

बाईंनी नळ बंद केला. 

दुसऱ्या दिवसापासून त्यांची फेरी बदलली. चाकांपाशी त्या जास्त रेंगाळत, इंजिनाच्या खात्यात नवे किस्से सांगत, आणि रंगखात्याला वळसा घालून पाहुण्यांना थेट शेवटच्या टोकाला नेत, जिथे तयार गाडी पहिल्यांदा सुरू होते. कुणी विचारलंच, तर सांगत, "आज आत रंगाचा वास फार आहे हो, डोकं चढतं." ऐन कळसच गाळलेली फेरी त्यांना अळणी लागे. पण पाहुण्यांना काय ठाऊक, आपण काय पाहिलं नाही ते!

रेघवाल्यांना मात्र ते ठाऊक होतं. एका सुट्टीच्या सकाळी बाई गॅलरीत कपडे पिळून देत होत्या आणि ते दोरीवर टाकत होते. चिमटा लावता लावता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"पाहुणे येत नाहीत का हल्ली?"

"येतात की."

"मग आमच्याकडे का येत नाहीत?"

"अहो, वेळ पुरत नाही. इंजिनाकडेच..."

"अगं, मी तुझं बोलणं इतकी वर्षं ऐकतोय. खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो."

बाईंनी पिळलेला टॉवेल पुन्हा पिळला. त्यातून पाणी निघालं नाही.

"पट्टीपासून दिसतं?" रेघवाल्यांनी विचारलं.

"काय?"

"हात. एवढ्या लांबून, पिवळ्या पट्टीपासून दिसतं?"

"सगळ्यांना नाही. मला दिसलं."

त्यांनी हातातला चिमटा परत टोपलीत टाकला. मग एकदम चिडले. आवाज न चढवता चिडायची त्यांची रीत होती, आणि ती बाईंना आरडाओरड्यापेक्षा जड जाई. "म्हणजे ती तिकडून माझी रेघ पुसते आणि तू इकडून माणसं वळवतेस. दोघींनी मिळून माझ्यावर पांघरूण घातलंत! मी काय झाकून ठेवायची वस्तू झालोय का?"

"मला लाज नाही वाटली हो," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज बारीक नव्हता. "तुमच्यापुढे टाळ्या वाजतात. एखाद दिवशी त्या वाजल्या नाहीत तर काय करायचं, हे मला सुचेना. सगळ्या जगाला बोलून गुंडाळते मी, पण तेवढं मला निभावता आलं नसतं."

आतून मुलगी आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी त्यांना बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोल काढायला सांगितलं, हात पुढे धरायला सांगितला. औषधाने आटोक्यात राहील, पूर्ण जाणार नाही, असं समजावलं. रेघवाल्यांनी एकच गोष्ट विचारली. बारीक काम जमेल का? डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं जमेल." रेघवाल्यांनी मान हलवली. दारापर्यंत जाऊन ते परत वळले आणि डॉक्टरांचे आभार मानून आले.

गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांनी डबा भरता भरता त्यांनी बाईंना सांगितलं, "आज पाहुण्यांना घेऊन ये."

"अहो, कशाला..."

"घेऊन ये म्हणतो ना."

त्या दिवशी आपापल्या जुन्या गाड्या फाटकाबाहेर लावून आलेली मंडळी होती. कुणी पिकल्या केसांचं, कुणी नवराबायको जोडीने. बाई बोलत होत्या, पण शब्द तोंडातून आपले आपण निघत होते. रंगखात्यापाशी त्या थबकल्या आणि मग त्यांनी दार ढकललं.

सगळे पट्टीच्या अलीकडे उभे राहिले. डावरीने तिची बाजू आधीच पुरी केली होती. सोनेरी, अखंड. रेघवाल्यांनी ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळवला, टाकीवर टेकवला. सुरुवात सुंदर झाली. अर्ध्यापर्यंत रेघ अशी आली की बाईंना वाटलं, डॉक्टरांचंच चुकलं. मग टाकीच्या वळणावर ती हलकेच थरथरली, पाण्यातल्या काठीसारखी वाकडी दिसली आणि पुन्हा सावरली. ब्रश शेवटाला पोचला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  डावरीचा हात फडक्याकडे गेला.

"थांब," रेघवाले म्हणाले.

त्यांनी स्वतः फडकं घेतलं, त्यावर रंग पातळ करायच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले आणि ती रेघ पुसून काढली. मागून पुढे, सावकाश, एखाद्याचं तोंड पुसावं तशी. टाकी पुन्हा काळी झाली. मग ते उठले. आपलं स्टूल त्यांनी स्वतःच्या हाताने सरळ केलं आणि ब्रश डावरीपुढे धरला. "ही बाजूही तूच कर."

"मी? उजवी बाजू? माझा हात उलटा पडतो, काका."

"उलटा पडतो म्हणून तर तुला वळण आधी दिसेल. बस."

आणि रेघवाले पिवळी पट्टी ओलांडून अलीकडे आले, पाहुण्यांत, बायकोच्या शेजारी उभे राहिले.

बाईंनी बोलायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

तेव्हा रेघवालेच बोलू लागले. बारीक, खरखरीत, न वापरलेला आवाज. मागच्यांना ऐकू यावं म्हणून सगळा घोळका पुढे सरकला. "आता हिच्या हाताकडे बघू नका, खांद्याकडे बघा. रेघ खांद्यातून निघते. हाताने मारायला गेलं की ती हाताएवढीच होते. हां... आता ती श्वास घेईल. बघा, घेतला. आता सोडणार नाही. वळण आलं. इथे घाई करावीशी वाटते. मला पहिली पाच-सहा वर्षं वाटायची. तिला नाही वाटत. ती माझ्यापेक्षा धीराची आहे."

डावरीचा ब्रश वळणावरून उतरला आणि शेवटाला बारीक होत होत टाकीवरून उठला.

सगळ्यांनी श्वास सोडला. पहिली टाळी रेघवाल्यांनीच वाजवली.

पिकल्या केसांचा एक पाहुणा त्यांच्याजवळ आला. "माझ्या गाडीवरची रेघ तुम्हीच मारलेली असणार. बाहेर उभी आहे. येता का बघायला?"

"तुमच्या गाडीवर धूळ असेल."

"आज धुऊन आणलीये."

"मग येतो," रेघवाले म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी सुपरवायझरला जाऊन सगळं सांगितलं, कुणी सांगायच्या आत. सुपरवायझरने आधी बसायला खुर्ची दिली आणि मग म्हटलं, "तुम्ही दोन महिने आधी आला असतात तर मी तुम्हाला दोन महिने आधी शिकवायला बसवलं असतं." तयार टाक्या तपासणं आणि नव्या माणसांना तयार करणं हे काम त्यांच्याकडे आलं. हात डगमगला तरी नजर तशीच होती. केसाएवढी वाकडी रेघही ते लांबून पकडत. पुढे त्यांनी दोन कारागीर तयार केले. एकाची रेघ त्यांना आवडे, दुसऱ्याची अजून आवडायची होती.

बाईंची फेरी पुन्हा पहिल्या रस्त्याने जाऊ लागली. रंगखात्यात आल्यावर मात्र आता त्या गप्प बसत आणि नवऱ्याला बोलू देत. ते रोज थोडं जास्त बोलू लागले. एकदा त्यांनी विनोदही केला. कुणी हसलं नाही, तेव्हा बाई सर्वांत मोठ्याने हसल्या.

एका संध्याकाळी पाळी सुटली. फाटकापाशी शेकडो माणसं एकदम बाहेर पडत होती. दुचाक्या सुरू होत होत्या, कुणी कुणाला हाका मारत होतं. हवेत गारवा होता. रेघवाल्यांनी चालता चालता शर्टाच्या गुंडाळलेल्या बाह्या खाली सोडल्या. डाव्या मनगटाची गुंडी लावायला उजवा हात गेला, काजापाशी घुटमळला, घसरला, पुन्हा गेला. मग त्यांनी तो नाद सोडला. ते थांबले आणि भर गर्दीत त्यांनी दोन्ही मनगटं बायकोपुढे धरली.

बाईंनी पर्स काखेत दाबली आणि गुंड्या लावल्या. आधी एक, मग दुसरी. सावकाश. मागून येणारी माणसं त्या दोघांच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात राहिली.