सिग्रीदची पाळी

"आणि मास्तरांना बसवणार कुठे? शेळीच्या पाठीवर?" मी विचारलं.

सिग्रीद वाळू घेऊन टेबल घासत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "तू तुझ्या घरी जाऊन हस. सोमवारपासून शाळा माझ्याकडे आहे."

आमच्या खोऱ्यात तेव्हा शाळेला स्वतःचं घर नव्हतं. शाळा आठवडा-आठवडा एकेका घरी बसायची आणि ज्याची पाळी, तो मास्तरांना जेवू घालायचा. सिग्रीद पडली दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाची विधवा. एका खोलीत ती, तिची धाकटी मुलगी आणि दोन शेळ्या. तिला पाळी द्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. पोर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुलीपाशी शिकत होती, आणि ते सिग्रीदला लागायचं. शेवटी तिने एलिंग मास्तरांना गाठून पाळी मागूनच घेतली. उन्हाळाभर पोटाला चिमटा घेऊन शेळीच्या दुधाचं चीज राखून ठेवलं.

रविवारी ती साफसफाईपायी चर्चला आली नाही. मीच धावत गेले. एरवी बातमी सांगायला माझी जीभ शिवशिवते, त्या दिवशी जड झाली.

"अगं, शाळेचं घर तयार झालं. पाद्रीबाबांनी सांगितलं, पाळ्या आता बंद."

"माझी झाल्यावर ना?"

"नाही गं. उद्यापासूनच."

सणासुदीला पसरतो तशा जुनिपरच्या हिरव्या डहाळ्या तिने जमिनीवर पसरल्या होत्या. ती खाली बसून त्या गोळा करायला लागली. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी सगळं खोरं नवी शाळा बघायला लोटलं. सिग्रीदही आली, पण कुंपणापाशीच थांबली. काखेत त्याच डहाळ्यांची मोळी, हातात फडक्याचं गाठोडं. पाद्रीबाबा आत जाऊन बसले. मुलं दारापर्यंत गेली, टोप्या काढल्या आणि तिथंच उभी राहिली.

"या की आत!"

कुणी हलेना.

"अरे, कान फुटले का तुमचे?"

पाद्रीबाबा शहरातले, त्यांना काय कळणार? आम्हा बायकांना कळलं. घरधनीण 'या, बसा' म्हणाल्याशिवाय परक्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे पोरांच्या अंगात मुरलेलं. आणि या घराला घरधनीणच नव्हती.

एलिंग मास्तर बाहेर आले. मोठ्या शेताची मालकीण डोक्यावरचा रुमाल सारखा करत पुढे सरकली. मास्तर तिच्या शेजारून पुढे होऊन थेट कुंपणाकडे गेले.

"सिग्रीदबाई, या आठवड्याची पाळी कुणाची?"

"माझी होती, मास्तर."

"होती काय म्हणता? आहे."

ती पायऱ्या चढून आत गेली. रंगाचा वास मारणाऱ्या कोऱ्या फळ्यांवर तिने डहाळ्या पसरल्या आणि दारात येऊन उभी राहिली.

"या बाळांनो. बसा."

एकेक मूल तिच्यापुढे मान लववून आत गेलं. तिची धाकटीसुद्धा. मग तिने दार हलकेच ओढून घेतलं आणि खाली आली. हात मोकळे होते.

"चीज कुठंय गं?" मी विचारलं.

"मास्तरांच्या टेबलावर ठेवलंय. पाळी माझी आहे ना!" ती म्हणाली आणि शेळ्या सोडायला उताराने निघून गेली.